बेनिन ब्राँझ: १८९७ मध्ये लुटलेला वारसा परत येतोय, पण तो द्यायचा कोणाच्या हाती?

नोव्हेंबर २०२५. नायजेरियातल्या बेनिन सिटी या शहरात एका नव्याकोऱ्या म्युझियमच्या उद्घाटनाची तयारी सुरू होती. नाव होतं 'म्युझियम ऑफ वेस्ट आफ्रिकन आर्ट', थोडक्यात 'मोवा'. परदेशी पाहुणे शहरात दाखल झाले होते. पण ९ नोव्हेंबरला, म्हणजे उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, आंदोलकांचा जमाव थेट आवारात शिरला. पाहुण्यांना तिथून हलवावं लागलं आणि पुढचे सगळे कार्यक्रम रद्द झाले.

आता कुणालाही वाटेल, की आफ्रिकेचा वारसा जपणाऱ्या म्युझियमला आफ्रिकेतच विरोध कशाला? तर या आंदोलकांचं वारशाशी भांडण नव्हतंच. इथे म्युझियम व्हायचं असेल तर ते बेनिनच्या राजाच्या नावाने व्हावं, अशी त्यांची मागणी होती. कारण ज्या वस्तूंमुळे हे शहर जगाला माहीत आहे, त्या वस्तू १२८ वर्षांपूर्वी याच राजाच्या वाड्यातून लुटल्या गेल्या होत्या.

या वस्तू म्हणजे 'बेनिन ब्राँझ'. वसाहतवादानंतर आफ्रिकी समाज आपली ओळख आणि आपला वारसा परत कसा मिळवतायत, हे समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे. कारण यात लूट आहे, नकार आहे, माफी आहे, घरवापसी आहे आणि घरी आल्यावर सुरू झालेलं भांडणही आहे.

सगळ्यात आधी, हे बेनिन नेमकं कुठलं?

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. आजच्या नकाशावर नायजेरियाच्या पश्चिमेला 'बेनिन' नावाचा स्वतंत्र देश आहे. ही पूर्वीची फ्रेंच वसाहत. तिचं नाव दाहोमी होतं, ते १९७५ मध्ये बदलून बेनिन करण्यात आलं.

आपण बोलतोय ते बेनिनचं राज्य मात्र आजच्या नायजेरियात होतं. दक्षिण नायजेरियातल्या एडो राज्यात बेनिन सिटी आहे, ती या राज्याची राजधानी. इथल्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला एडो म्हणतात आणि इथल्या राजाला 'ओबा'. ओबांचं घराणं अनेक शतकांचं आहे आणि आजही त्या गादीवर राजा आहे. सध्याचे ओबा एवुआरे दुसरे हे २०१६ मध्ये गादीवर आले. त्यांच्या हाती सरकार नाही, पण एडो समाजात त्यांच्या शब्दाला मोठं वजन आहे.

बेनिन ब्राँझ म्हणजे काय?

नाव ब्राँझचं असलं तरी यातल्या बहुतेक वस्तू पितळेच्या आहेत. शिवाय हस्तिदंत, पोवळं आणि लाकडाच्या वस्तूही याच नावाखाली मोजल्या जातात. राजांचे मुखवटे आणि मस्तकं, बिबटे, कोंबडे, घंटा, कोरीव हस्तिदंत आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे उठावाचं काम असलेले चौकोनी फलक. हे फलक १६व्या आणि १७व्या शतकात घडवले गेले आणि राजवाड्यातल्या खांबांवर लावले जायचे. त्यावर ओबा, त्यांचे सरदार, योद्धे, वादक आणि समुद्रमार्गे आलेले दाढीवाले पोर्तुगीज असे सगळे दिसतात.

त्या वस्तू घडवायची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. बस्तरची डोकरा कला ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती लगेच कळेल. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणात हवं ते रूप घडवायचं, वरून पुन्हा माती लिंपायची, तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. शेवटी साचा फोडायचा. साचा फुटतो, त्यामुळे प्रत्येक वस्तू एकमेव असते.

हे काम कोणीही करायचं नाही, असा नियम होता. ओतकाम करणाऱ्या कारागिरांचा वंशपरंपरागत संघ होता, तो राजाच्या हुकमाने काम करायचा. नवा ओबा गादीवर आला की वडिलांच्या स्मरणार्थ मस्तक घडवून घ्यायचा आणि ते वाड्यातल्या पूर्वजांच्या वेदीवर ठेवलं जायचं. कोणता राजा कधी झाला, कोणी कोणती लढाई जिंकली, परदेशी लोक कधी आले, हे सगळं एडो लोकांनी असं धातूत नोंदवून ठेवलं.

म्हणजे समजा, एखाद्या संस्थानाचं दफ्तर, देव्हारा आणि दरबार हॉल, हे तिन्ही एकत्र आहेत आणि एका आठवड्यात ते सगळं रिकामं झालं. बेनिनमध्ये तेच घडलं.

१८९७ मध्ये नेमकं काय झालं?

१९व्या शतकाच्या शेवटी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ब्रिटिशांचा व्यापार वाढला होता. पाम तेल आणि रबर त्यांना हवं होतं. पण बेनिनच्या हद्दीतला व्यापार ओबा ओवोनरामवेन यांच्या नियंत्रणाखाली होता आणि ते हे नियंत्रण सोडायला तयार नव्हते.

जेम्स फिलिप्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र पाठवून ओबांना गादीवरून हटवायची परवानगी मागितली. या पत्रात त्याने असंही सुचवलं होतं, की वाड्यात सापडणाऱ्या हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च निघेल. म्हणजे हल्ला व्हायच्या आधीच लुटीचा हिशेब मांडून झाला होता.

उत्तराची वाट न पाहता फिलिप्स जानेवारी १८९७ मध्ये बेनिनकडे निघाला. सोबत काही ब्रिटिश आणि दोनशेहून अधिक आफ्रिकी हमाल. तेव्हा बेनिनमध्ये 'इग्वे' हा राजाचा वार्षिक विधी सुरू होता. या काळात ओबा परक्यांना भेटत नाहीत, थांबा, असा निरोप त्याला मिळाला होता. तो थांबला नाही. वाटेत बेनिनच्या सैनिकांनी हल्ला केला. फिलिप्ससह बहुतेक जण मारले गेले, ब्रिटिशांपैकी फक्त दोघे वाचले.

त्यानंतर ब्रिटनने 'दंडात्मक मोहीम' काढली. ॲडमिरल हॅरी रॉसन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १,२०० सैनिक, मॅक्सिम मशीनगन आणि रॉकेटं घेऊन निघाले. १८ फेब्रुवारी १८९७ रोजी बेनिन सिटी पडली. पुढच्या काही दिवसांत राजवाडा रिकामा करण्यात आला आणि लागलेल्या आगीत वाड्यासह शहराचा मोठा भाग जळाला.

ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तेव्हा बेनिनचं वर्णन रक्ताने माखलेलं शहर असं केलं. बेनिनमध्ये नरबळीची प्रथा होती, हे खरं आहे. तिची व्याप्ती किती होती यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे. पण मोहिमेमागे व्यापाराचं गणित होतं, हे फिलिप्सच्या पत्रावरून स्पष्ट दिसतं.

ओबा ओवोनरामवेन यांना कलाबार इथे हद्दपार करण्यात आलं. ते परत कधीच आले नाहीत. १९१४ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचे पुत्र एवेका दुसरे यांना ब्रिटिशांनी गादीवर बसू दिलं.

लूट जगभर कशी पोहोचली?

काही वस्तू अधिकाऱ्यांनी आपापसात वाटून घेतल्या, काही सरकारने विकल्या, काही लिलावात गेल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने त्याच वर्षी सुमारे ३०० फलकांचं प्रदर्शन भरवलं. बर्लिनच्या म्युझियमनेही झपाट्याने खरेदी केली.

गंमत म्हणजे युरोपातल्या अनेक जाणकारांचा आधी विश्वासच बसेना, की हे काम आफ्रिकी लोकांचं आहे. पोर्तुगीजांनी शिकवलं असेल, इजिप्तमधून आलं असेल, असे तर्क लढवले गेले. ज्यांना 'रानटी' ठरवून त्यांचं शहर जाळलं, त्यांच्याच वाड्यातून युरोपच्या उत्तम ओतकामाच्या तोडीच्या वस्तू निघाल्या होत्या, ही खरी अडचण होती.

आज या वस्तू कुठे आहेत? 'डिजिटल बेनिन' या प्रकल्पाने २०२२ मध्ये याची ऑनलाइन यादी प्रसिद्ध केली. त्यात २० देशांतल्या १३१ संस्थांमधल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आहेत. एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आहेत. ही यादी कोणालाही मोबाइलवर पाहता येते. त्यात वस्तूंची एडो भाषेतली नावंही दिली आहेत. म्युझियमच्या कपाटात 'पितळी घंटा' एवढीच ओळख उरलेल्या वस्तूला तिचं मूळ नाव परत मिळणं हीसुद्धा घरवापसीच.

बेनिन एकटं नव्हतं, आणि एका लुटीत मुंबईचं नावही आहे

आफ्रिकेत अशा 'दंडात्मक' मोहिमा अनेक झाल्या. १८७४ मध्ये ब्रिटिशांनी आजच्या घानामधल्या असांते राज्याची राजधानी कुमासी जाळली आणि तिथलं सोनं नेलं. १८९२ मध्ये फ्रेंच फौजांनी दाहोमीवर चढाई केली आणि अबोमीच्या राजवाड्यातल्या वस्तू पॅरिसला गेल्या.

त्याआधी १८६८ मध्ये इथिओपियातल्या मकदालाच्या किल्ल्यावर चढाई झाली. इथिओपियाचे सम्राट तेवोद्रोस दुसरे यांनी ब्रिटिश वकील आणि काही युरोपियनांना कैदेत ठेवलं होतं. त्यांना सोडवायला जी फौज गेली, तिचा सेनापती होता रॉबर्ट नेपियर, म्हणजे तेव्हाच्या मुंबई लष्कराचा प्रमुख. मोहिमेची मुख्य तयारी मुंबईत झाली, फौजेत भारतीय पलटणी होत्या आणि तोफा वाहायला ४४ हत्ती भारतातून जहाजाने नेले होते. किल्ला पडला, तेवोद्रोस यांनी आत्महत्या केली आणि तिथून मुकुट, चर्चमधली पवित्र भांडी आणि शेकडो हस्तलिखितं लुटली गेली. परतीच्या वाटेवर ही लूट हत्ती आणि खेचरांवर लादलेली होती.

त्या लुटीतले ११ 'ताबोत', म्हणजे इथिओपियाच्या चर्चमधले पवित्र फलक, ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. इथिओपियन ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते फक्त धर्मगुरूंनीच पाहायचे असतात. म्हणून म्युझियम ते कधीच प्रदर्शनात मांडत नाही. जी वस्तू दाखवता येत नाही, ती म्युझियमने ठेवायची कशासाठी? हा प्रश्न इथिओपियाचे लोक अनेक वर्षं विचारतायत.

परत मागायला सुरुवात कधी झाली?

सोशल मीडियावर ही चर्चा गेल्या काही वर्षांत दिसू लागली, त्यामुळे हा नवा मुद्दा वाटू शकतो. पण बेनिनची मागणी स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. १९३०च्या दशकात ओबा अकेंझुआ दुसरे यांनी बर्लिनला गेलेली दोन राजआसनं परत मागितली होती. त्यांना मूळ आसनं मिळाली नाहीत, त्यांच्या प्रतिकृती मिळाल्या.

१९५०च्या दशकात नायजेरियात राष्ट्रीय म्युझियम उभं राहत होतं. त्यासाठी बेनिनच्याच वस्तू ब्रिटिश म्युझियमकडून चक्क विकत घ्याव्या लागल्या. आमच्याकडे एकसारख्या दोन-दोन आहेत, असं म्हणत म्युझियमने काही फलक विकले होते.

याला एक चक्रावून टाकणारी पुरवणी आहे. १९७३ मध्ये नायजेरियाचे लष्करी राज्यकर्ते जनरल गोवोन ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांनी राणी एलिझाबेथला लागोसच्या म्युझियममधलं बेनिनचं एक मस्तक भेट म्हणून दिलं. लंडनमध्ये बरीच वर्षं ते प्रतिकृती असल्याचं समजलं जात होतं. २००२ मध्ये कळलं, की ते अस्सल होतं.

आणि मग १९७७. लागोसमध्ये 'फेस्टॅक' हा जगभरच्या कृष्णवर्णीय आणि आफ्रिकी कलेचा भव्य महोत्सव भरला. बोधचिन्ह म्हणून निवडला होता राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा. इदिया म्हणजे १६व्या शतकातले ओबा एसिगिए यांच्या आई. 'इयोबा' म्हणजे राजमाता हा किताब पहिल्यांदा त्यांना मिळाला. मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये होता. महोत्सवापुरता तरी तो द्या, अशी विनंती नायजेरियाने केली आणि म्युझियमने नकार दिला. शेवटी बेनिनच्या कारागिरांकडून प्रतिकृती करून घेतली गेली.

त्या नकाराने नायजेरियात जी चीड निर्माण झाली, ती आजही पुसलेली नाही. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, 'द मास्क' नावाचा नायजेरियन सिनेमा आला. त्यात एक नायजेरियन हेर लंडनला जाऊन हा मुखवटा पळवून आणतो. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मधला म्युझियमचा प्रसंग आठवतोय? त्याच्या जवळपास ४० वर्षं आधी नायजेरियाने ही कल्पना पडद्यावर आणली होती.

मग गेल्या काही वर्षांत असं काय बदललं?

कायद्याने फारसं काही बदललं नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरोधात युनेस्कोचा १९७० चा करार आहे, पण तो मागच्या काळाला लागू होत नाही. १८९७ ची लूट त्यात येतच नाही. त्यामुळे जे काही झालं, ते लोकमताच्या आणि राजकारणाच्या दबावाने झालं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन बुर्किना फासोच्या राजधानीत विद्यार्थ्यांसमोर बोलले आणि आफ्रिकेचा वारसा आफ्रिकेला परत मिळण्याची परिस्थिती पाच वर्षांत तयार करू, असं आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी सेनेगलचे अर्थतज्ज्ञ फेलवीन सार आणि फ्रेंच कला-इतिहासकार बेनेडिक्ट साव्होय यांनी अहवाल दिला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या सुमारे ९०,००० वस्तू फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांत आहेत, असं त्यात मांडलं होतं. जबरदस्तीने नेलेल्या वस्तू उसन्या न देता कायमच्या परत करा, अशी त्यांची शिफारस होती.

२०२० मध्ये ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर आंदोलन पेटलं. ब्रिस्टलमध्ये एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी पाडून बंदरात ढकलला. मग म्युझियममध्ये काचेमागे काय ठेवलंय आणि ते तिथे आलं कसं, हा प्रश्न टाळणं अवघड झालं.

आतापर्यंत कोणी काय परत केलं?

* केंब्रिजचं जीझस कॉलेज आणि ॲबर्डीन विद्यापीठ: ऑक्टोबर २०२१ मध्ये लागोपाठ दोन दिवसांत एक पितळी कोंबडा आणि ओबांचं एक मस्तक परत केलं.
* फ्रान्स: नोव्हेंबर २०२१ मध्ये अबोमीच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू बेनिन देशाला, म्हणजे पूर्वीच्या दाहोमीला परत. या प्रवासावरच्या माती दिओप यांच्या 'दाहोमी' या माहितीपटाला २०२४ मध्ये बर्लिन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.
* जर्मनी: जुलै २०२२ मध्ये १,१०० हून जास्त वस्तूंच्या मालकीबाबत नायजेरियाशी करार. डिसेंबरमध्ये जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री स्वतः पहिली खेप घेऊन नायजेरियाला गेल्या. बर्लिनमधल्या काही वस्तू आता तिथेच आहेत, पण नायजेरियाने उसन्या दिलेल्या म्हणून.
* स्मिथसोनियन, अमेरिका: ऑक्टोबर २०२२ मध्ये २९ वस्तूंची मालकी परत.
* हॉर्निमन म्युझियम, लंडन: नोव्हेंबर २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे.
* नेदरलँड्स: २०२५ मध्ये ११९ वस्तू परत.

जर्मनीच्या उदाहरणातला बदल लक्षात घ्या. वस्तू त्याच काचेमागे राहिली तरी खालची पाटी बदलली. आधी यजमान बर्लिन होतं, आता मालक नायजेरिया आहे आणि बर्लिन उसनवारी करतंय.

ब्रिटिश म्युझियम का देत नाही?

पहिलं कारण कायदा. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यानुसार काही मोजके अपवाद सोडले तर विश्वस्तांना संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकता येत नाही. हा कायदा ब्रिटिश संसदेने केलाय आणि तीच तो बदलू शकते. आजवरच्या सरकारांनी तशी इच्छा दाखवलेली नाही.

दुसरं कारण नेहमी दिलं जातं ते सुरक्षिततेचं. तिकडे या वस्तू नीट राहतील का? नायजेरियातल्या म्युझियममधून चोऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न अगदीच निराधार नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्याच संग्रहातल्या सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्याचं, गहाळ झाल्याचं किंवा त्यांचं नुकसान झाल्याचं उघड झालं आणि संचालकांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हापासून या युक्तिवादाची धार बरीच बोथट झाली आहे.

मग ब्रिटनमधली मोठी म्युझियम काय देऊ करतात? तर उसनवारी. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने असांते दरबारातल्या ३२ वस्तू घानाला दिल्या, पण तीन वर्षांसाठी. कुमासीतल्या राजवाड्याच्या म्युझियममध्ये त्या पाहायला गर्दी झाली. आपल्याच सोन्यासाठी परतीची तारीख लिहिलेल्या करारावर सही का करायची, हा वादही झाला.

हे वाचून काही आठवलं? त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली. तीही तीन वर्षांसाठी. ती छत्रपती शिवाजी महाराजांचीच का, यावर आपल्याकडे भरपूर वाद झाला. म्युझियमनेही तशी खात्री दिलेली नाही. पण उसनवारी का, याची चर्चा त्यामानाने कमी झाली. या म्युझियमवर १९८३ चा असाच एक कायदा आहे, तोही संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला आडकाठी करतो. सातारा आणि कुमासी या दोन्ही ठिकाणची गर्दी एकाच नियमाखाली रांगेत उभी होती.

दुसरा मार्ग विकत घेण्याचा. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाखांहून जास्त रुपये मोजून आणली. नायजेरियाने हा मार्ग सत्तर वर्षांपूर्वीच वापरून पाहिला होता.

परत आलेल्या वस्तू कोणाच्या?

आता सगळ्यात अवघड भाग. बेनिन ब्राँझवर आज किमान चार दावे आहेत.

पहिला नायजेरिया सरकारचा. आंतरराष्ट्रीय करार देशांमध्ये होतात, त्यामुळे जर्मनी किंवा अमेरिकेने वस्तू दिल्या त्या सरकारच्या म्युझियम आयोगाला. पण १८९७ मध्ये नायजेरिया नावाचा देशच नव्हता. तो ब्रिटिशांनी १९१४ मध्ये दोन भाग जोडून तयार केला.

दुसरा ओबांचा. वस्तू वाड्यातून गेल्या, त्या पूर्वजांच्या वेदीवरच्या होत्या, त्या वाड्यालाच मिळाल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मार्च २०२३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी ते मान्य केलं आणि परत येणाऱ्या वस्तूंचे मालक ओबा असतील, असा आदेश काढला. युरोपात खळबळ उडाली. जनतेसाठी दिलेल्या वस्तू एका घराण्याकडे जाणार का, असा सवाल जर्मनीत विचारला गेला. केंब्रिज विद्यापीठाने मे महिन्यात होणारा ११६ वस्तूंचा हस्तांतर सोहळा पुढे ढकलला. यावर नायजेरियातून आलेलं प्रत्युत्तरही लक्षात ठेवण्यासारखं आहे. चोरीचा माल परत करताना, तो घरात कुठे ठेवायचा हे चोराने सांगायचं नसतं.

२०२५ च्या सुरुवातीला म्युझियम आयोग आणि ओबा यांच्यात या वस्तूंच्या व्यवस्थापनाचा करार झाला, तेव्हा हा तिढा थोडा सैल झाला.

तिसरा दावा नव्या म्युझियमचा, निदान लोकांना तसं वाटलं. एडो राज्याच्या मागच्या सरकारच्या काळात 'मोवा'ची कल्पना पुढे आली आणि युरोप-अमेरिकेतून निधी मिळाला. बेनिन ब्राँझच्या नावावर हा पैसा उभा केला, तो ओबांच्या शाही म्युझियमसाठी असायला हवा होता, असा ओबांच्या समर्थकांचा आरोप आहे. आमचा या वस्तूंच्या मालकीवर दावा नाही, असं 'मोवा'चं म्हणणं. हाच राग ९ नोव्हेंबरला बाहेर पडला.

चौथा दावा फार कमी ऐकू येतो. तो आहे गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांचा. हे पितळ आलं कुठून? पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापारी 'मॅनिला' नावाची, घोड्याच्या नालासारखी दिसणारी धातूची कडी घेऊन यायचे. ती आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर चलन म्हणून चालायची आणि गुलामांच्या खरेदीतही वापरली जायची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेनिन ब्राँझमधल्या धातूचा माग जर्मनीच्या ऱ्हाइनलँड भागातल्या खाणींपर्यंत लागला. बेनिनच्या राज्याने युद्धकैदी विकले होते. तेव्हा, हा धातू आमच्या पूर्वजांच्या किमतीचा आहे, आमचाही यात वाटा आहे, असं अमेरिकेतल्या एका गटाचं म्हणणं आहे. त्यांनी स्मिथसोनियनविरुद्ध कोर्टातही धाव घेतली, पण वस्तू परत जाणं थांबलं नाही.

म्हणजे या भांडणामुळे परत देणं चुकीचं ठरतं का?

भांडणाचे व्हिडिओ व्हायरल झाले की 'बघा, तिकडेच नीट होत्या' अशा कमेंट लगेच येतात. पण वडिलोपार्जित घर परत मिळाल्यावर भावंडांमध्ये वाद झाला, म्हणून घर बळकावणाऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही. वारसा कोणाचा, तो राजाचा की प्रजेचा, देवघरात ठेवायचा की तिकीट लावून दाखवायचा, हे ठरवण्याचा अधिकारच १८९७ मध्ये एडो लोकांच्या हातून गेला होता. आज ते त्यावर भांडतायत, कारण तो अधिकार थोडाफार परत आलाय.

आणखी एक गोष्ट या सगळ्या गदारोळात हरवते. बेनिन सिटीत 'इगुन स्ट्रीट' नावाचा रस्ता आहे. ओतकाम करणाऱ्या कारागिरांचा संघ आजही तिथेच राहतो. १८९७ नंतर राजाच नसल्याने त्यांचं काम जवळपास थांबलं होतं. ओबा एवेका दुसरे गादीवर आले आणि त्यांनी दरबारी कलांना पुन्हा बळ दिलं. आज त्या रस्त्यावर माती, मेण आणि वितळलेलं पितळ यांचं काम चालतं. ग्राहक बदललेत, पर्यटक आलेत, नळाच्या जुन्या तोट्या आणि भंगारातलं पितळही भट्टीत जातं, पण पद्धत तीच आहे.

मात्र या कारागिरांपैकी अनेकांनी आपल्याच पूर्वजांचं सर्वोत्तम काम फक्त फोटोत पाहिलंय. लंडन किंवा बर्लिनचा व्हिसा मिळाल्याशिवाय ते प्रत्यक्ष पाहण्याची सोयच नव्हती. परत आलेल्या वस्तू वाड्यात ठेवा, सरकारी म्युझियममध्ये ठेवा किंवा 'मोवा'त. इगुन स्ट्रीटवरून तिथे पायी जाता आलं पाहिजे आणि आत प्रवेश मिळाला पाहिजे. या वादाचा निकाल कसाही लागला, तरी तो योग्य लागला की नाही हे तपासायला एवढी कसोटी पुरेशी आहे.